घडी

दाबके वकील दर शनिवारी येतात
शरणपूरच्या माझ्या ओसरीवर.
चपला बाहेर काढतात, शंका आत आणतात.
चाळीस वर्षं फौजदारी केली. साक्षीदार उलटा करणं
हा धंदा होता, आता छंद.

मी उद्याच्या मेणबत्त्या मोजत होते,
पहाटे कबरस्तानात न्यायच्या.
म्हणाले, "सिस्टर उमाप, तुमचे साक्षीदार चार.
एकाला देवदूत एक दिसतो, दुसऱ्याला दोन.
एक म्हणतो बाया भिऊन गप्प बसल्या,
दुसरा म्हणतो धावत जाऊन सांगितलं.
माझ्यापुढे उभे करा,
जेवणाच्या सुट्टीआधी केस संपवतो."

म्हटलं, चौघांची जबानी शब्दाला शब्द जुळली असती
तर तुम्हीच ओरडला असता, पढवून आणलेत म्हणून.
हसले. युक्तिवाद त्यांचाच होता,
पंचवटीतल्या कुठल्याशा दरोड्यात वापरलेला.

माझा भाचा एनॉक रसायनशास्त्र शिकवतो,
चर्चला लग्नापुरता येतो.
"मावशी, सगळ्यात जुना कागदसुद्धा वीसेक वर्षांनंतरचा.
दुःखात माणसांना दिसतं, ऐकू येतं.
आजोबा गेल्यावर आजीला महिनाभर
त्यांचा खोकला ऐकू यायचा."

खरंय. मलाही एकदा आला होता.
पण त्या खोकल्यासाठी आजीने कुणाचे फटके नाही खाल्ले.
"फटके खाल्ले म्हणून खरं होत नाही."
नाही होत. ते खोटं बोलत नव्हते, एवढंच होतं.
"चुकले असतील."
असतील.

मग मीच जरा तापले.
बत्तीस वर्षं सिव्हिलला काढली.
मेलेलं माणूस मेलेलं असतं हे मला कुणी शिकवू नये,
अंगठ्याला चिठ्ठी बांधणारे हात आहेत हे.
दोन-तीन तासांत जबडा धरतो, मग मान.
त्या बायांनाही माहीत होतं.
सुगंधी द्रव्यं घेऊन कुणी
जिवंत माणसाला भेटायला जात नाही.
आणि पुनरुत्थान रचायचंच होतं
तर पहिली साक्ष बाईची का ठेवली?
तेव्हा बाईच्या शब्दाला कोर्टात किंमत किती होती?

"हे नोंदवून घेतो," दाबके म्हणाले.
"मान्य करत नाही. नोंदवतो."

एनॉकची स्कूटर गेली. चहा निवला.
ते उठले नाहीत.
"तो रुमाल," म्हणाले, "तोंडावरचा.
घडी करून वेगळा ठेवलेला.
चोर घडी घालत नाही."
मी वाट पाहिली.
"पण लिहिणारा घालू शकतो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

"कुमुदची चादर," बऱ्याच वेळाने म्हणाले,
"त्या रात्री वॉर्डात तुम्हीच घडी घातलीत ना?
कडा जुळवून.
मी दारात उभा होतो. मला वाटलं,
आता एवढी नीट कशाला?"

सांगता आलं नाही. सवय होती म्हणावं,
तर ते पुरतं खरं नव्हतं.

तिच्या अस्थी रामकुंडात सोडल्या त्यांनी.
म्हणतात, तिथे हाडंसुद्धा विरघळतात.
दहा वेळा जाऊन उभे राहिले, म्हणाले.
"नदीची उलटतपासणी घेता येत नाही, सिस्टर."

पहाटे साडेचारला
कबरस्तानाच्या फाटकाशी टॉर्च दिसला.
मफलर, काठी, वर दाबके.
"झोप लागली नाही. दुसरं कारण नाही."

आमच्या लोकांनी गाणं धरलं.
यांच्या हाती मी मेणबत्ती दिली.
धरली, पेटवली नाही.
उमापांच्या कबरीपाशी वाऱ्याने माझी विझली,
तर काडेपेटी निघाली
ती नेमकी यांच्याच खिशातून.
ओंजळीचा आडोसा करून
त्यांनी ती पेटवली,
आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले,
"हे पुराव्यात धरू नका."